रासायनिक बंधांचे प्रकार : पॉलिंगप्रणीत वर्गीकरणाची चिकित्सा

१

लायनस पॉलिंग यांचा ‘रासायनिक बंधाचे स्वरूप’ अशा अर्थाच्या नावाचा इंग्रजी ग्रंथ १९३९ साली कॉर्नेल विद्यापीठाच्या मुद्रणालयाने प्रसिद्ध केला. त्याच विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांतून तो सिद्ध झाला होता. १९४० साली त्याची दुसरी आणि १९६० साली तिसरी, बरीच विस्तारलेली आवृत्ती निघाली. बंधाच्या स्वरूपाविषयीचे संशोधन आणि त्याच्या आधारे जटिल पदार्थांच्या रचनेचा केलेला उलगडा यांसाठी पॉलिंग यांना १९५४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. आयनिक, सहसंयुज, धातवीय आणि हायड्रोजन हे बंधांचे प्रकार आज ज्या परिभाषेत आणि ज्या आकड्यांच्या आधाराने शिकविले जातात, त्यांपैकी पुष्कळसा भाग या ग्रंथातून आलेला आहे. ग्रंथाचा प्रभाव एवढा मोठा असता, त्याने प्रत्यक्षात काय सांगितले आणि त्याच्या नावावर पुढे काय रूढ झाले, यांत भेद करणे अगत्याचे ठरते.

या ग्रंथाचे खरे सामर्थ्य बंधांचे प्रकार पाडण्यात नसून त्या प्रकारांमधील भिंती पातळ करण्यात आहे. मात्र या कामासाठी ग्रंथकाराने जी साधने घडविली, ती इतकी सुटसुटीत होती की, त्यांच्यातूनच नव्या भिंती उभ्या राहिल्या. या दोन्ही गोष्टी ध्यानात घेतल्याखेरीज ग्रंथाचे मूल्यमापन पुरे होत नाही.

पॉलिंग यांनी केलेली बंधाची व्याख्याच या दृष्टीने बोलकी आहे. दोन अणूंमधील किंवा अणुगटांमधील बलांमुळे त्यांचा समुच्चय इतका स्थिर होत असेल की, त्याला स्वतंत्र रेणू मानणे रसायनशास्त्रज्ञाला सोयीचे वाटावे, तर तेथे बंध आहे असे म्हणावे, असा तिचा आशय आहे. व्याख्येच्या गाभ्यात ‘सोय’ हा शब्द यावा, याचे प्रथमदर्शनी नवल वाटते. पण तो निष्काळजीपणे आलेला नाही. विद्युत्‌स्थितिक, सहसंयुज आणि धातवीय अशी तीन टोके सांगतानाच, हे वर्गीकरण काटेकोर नाही आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारा मार्ग क्रमाक्रमाचा असू शकतो, हे ग्रंथकाराने पहिल्याच प्रकरणात नमूद केले आहे. पाठ्यपुस्तकांनी ती तीन टोके उचलली. त्यांच्यामधील मार्ग बहुधा गाळला.

२

ग्रंथाच्या पूर्वपीठिकेकडे पाहिले असता हा क्रमाक्रमाचा विचार किती आवश्यक होता, ते कळते. १९१३ साली ब्रॅग पितापुत्रांच्या क्ष-किरणविषयक कार्यातून मिठाच्या स्फटिकाची रचना उलगडली. तीत प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन आणि प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम होते; ‘एक सोडियम, एक क्लोरीन’ असा वेगळा काढता येईल असा रेणू कोठेच दिसेना. १९१६ साली वाल्थर कोसेल यांनी इलेक्ट्रॉनाच्या स्थानांतरावर, आणि गिल्बर्ट न्यूटन लुईस यांनी इलेक्ट्रॉनांच्या सामाईक जोडीवर आधारलेली उपपत्ती मांडली. आज हे दोन विचार दोन निराळ्या बंधप्रकारांचे मूळ म्हणून सांगितले जातात. परंतु लुईस यांच्या मांडणीत सामाईक जोडी एका अणूकडे थोडी किंवा फार सरकू शकत होती, आणि पूर्ण सरकली की आयन तयार होत होते. म्हणजे आयनिक बंध हा त्यांच्या दृष्टीने त्याच सरकण्याचा शेवटचा मुक्काम होता. ‘सहसंयुज’ या अर्थाची इंग्रजी संज्ञा आयर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९१९ साली रूढ केली. एकदा वेगळे नाव मिळाले की वस्तूही वेगळी वाटू लागते, तसे येथे झाले.

ही नवी कल्पना जुन्या पिढीच्या गळी सहज उतरली नाही. १९२७ साली हेन्री आर्मस्ट्राँग यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक पत्र लिहून, मिठाचा रेणू नाहीसा करून त्याच्या जागी बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी आणणाऱ्या भौतिकीविदांची खिल्ली उडविली. त्याच वर्षी वाल्टर हाइट्लर आणि फ्रिट्झ लंडन यांनी पुंजयामिकीच्या साहाय्याने हायड्रोजनाच्या रेणूचे गणित मांडून, सामाईक जोडी दोन अणूंना का बांधून ठेवते याचे पहिले समाधानकारक उत्तर दिले. एकीकडे रसायनाची सूत्रे, दुसरीकडे क्ष-किरणांनी मोजलेली अंतरे आणि तिसरीकडे पुंजयामिकीची समीकरणे अशी तीन क्षेत्रे परस्परांना अनोळखी राहिली होती. त्यांच्यात व्यवहार सुरू करून देणे, हे पॉलिंग यांच्या ग्रंथाचे ऐतिहासिक कार्य होय.

३

ग्रंथातील विवेचनाचा कस पाहण्यासाठी त्यातील एक उदाहरण विस्ताराने घेणे उचित होईल. आवर्त सारणीच्या एकाच ओळीतील सोडियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन यांची फ्ल्युओराइडे क्रमाने पाहावीत. सोडियम फ्ल्युओराइड सुमारे ९९३ अंश सेल्सिअसला वितळते, मॅग्नेशियम फ्ल्युओराइड सुमारे १२६३ अंशांना; ॲल्युमिनियम फ्ल्युओराइड सुमारे १२९० अंशांना घनरूपातून थेट वायुरूपात जाते. पण त्यापुढचे सिलिकॉन टेट्राफ्ल्युओराइड नेहमीच्या तापमानाला वायू असून शून्याखाली सुमारे ९० अंशांना गोठते. शेजारच्या दोन संयुगांत हजाराहून अधिक अंशांची दरी पडते. यावरून पहिली तीन संयुगे आयनिक आणि चौथे सहसंयुज, आणि ॲल्युमिनियम व सिलिकॉन यांच्यामध्ये बंधाचा प्रकार एकाएकी बदलतो, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो पुष्कळांनी काढलाही आहे.

पॉलिंग यांनी हा निष्कर्ष नाकारला, आणि त्यांची कारणमीमांसा अजूनही वाचण्यासारखी आहे. ॲल्युमिनियम फ्ल्युओराइडात प्रत्येक ॲल्युमिनियमभोवती सहा फ्ल्युओरीन असतात, परंतु सूत्रात फ्ल्युओरीन तीनच आहेत. म्हणून प्रत्येक फ्ल्युओरीनला दोन ॲल्युमिनियमांच्या मध्ये उभे राहावे लागते आणि सारा स्फटिक एकसंध विणला जातो. तो वितळवायचा किंवा त्याची वाफ करायची तर हे बंधच तोडावे लागतात. सिलिकॉनभोवती मात्र चारच फ्ल्युओरीन असतात आणि सूत्रातही ते चारच आहेत. रेणू स्वतःपुरता पूर्ण असल्याने शेजारच्या रेणूशी त्याचा दुबळा संबंध उरतो. वितळताना तो दुबळा संबंधच तुटतो. सिलिकॉन आणि फ्ल्युओरीन यांच्यामधील बंध जसाच्या तसा राहतो. हा बंध तर दर मोलला ५५० किलोजूलांहून अधिक ऊर्जेचा, म्हणजे एकेरी बंधांतील अत्यंत बळकट बंधांपैकी एक आहे.

बदलली ती अणूंची मांडणी. बंधाचे स्वरूप थोडेसेच बदलले. पॉलिंग यांच्याच सूत्राने हिशेब केला असता या चार संयुगांतील बंधांचे आयनिक स्वरूप अनुक्रमे ९१, ८६, ७९ आणि ७० टक्के येते. हा उतार मंद आहे, त्यात कोठेही कडा नाही. वितळबिंदूवरून बंधाचा प्रकार ठरविणाऱ्या पद्धतीला यापेक्षा समर्पक उत्तर क्वचितच मिळेल. कार्बन डायऑक्साइड वायू आणि गारगोटीतील सिलिका यांच्यातील अंतरही असेच रचनेचे आहे. पहिला शून्याखाली ७८ अंशांना घनरूपातून वायुरूपात जातो, तर दुसरी वितळविण्यास सुमारे १७०० अंश लागतात. तरी ‘सहसंयुज’ हा शिक्का दोघांवरही मारला जातो.

४

आयनिक बंधाविषयी वर्गात सांगितली जाणारी कथा या ग्रंथाच्या तुलनेत किती सैल आहे, हेही येथे तपासावयास हवे. सोडियमला बाहेरच्या कवचातील एक इलेक्ट्रॉन ‘नकोसा’ असतो, क्लोरीनला एक ‘हवा’ असतो, म्हणून सोडियम तो देऊन टाकतो आणि दोघांचे अष्टक पूर्ण होते, असे ते आख्यान आहे. ऊर्जेच्या हिशेबात ते टिकत नाही. सोडियमच्या अणूपासून इलेक्ट्रॉन हिरावून घेण्यास दर मोलला ४९६ किलोजूल खर्च येतो. तो क्लोरीनला दिल्यावर ३४९ किलोजूलच परत मिळतात. म्हणजे एकट्या अणूंमधील हा व्यवहार १४७ किलोजूल तोट्याचा आहे. तो तोटा भरून निघतो तो विरुद्ध भारांचे आयन एकमेकांजवळ येतात तेव्हा, आणि स्फटिकात प्रत्येक आयनाला सहा विरुद्ध शेजारी मिळाल्यावर तर भरपूर नफा होतो. सुटे वायुरूप आयन एकत्र येऊन मिठाचा स्फटिक बनताना दर मोलला सुमारे ७८७ किलोजूल ऊर्जा बाहेर पडते. मिठाच्या स्थैर्याचे श्रेय या आकर्षणाकडे जाते. अष्टकाची हाव हे त्याचे कारण नव्हे.

अष्टकाचा नियम हा उपयुक्त आडाखा आहे, पण त्याला कारणाचे स्थान दिले की तो दिशाभूल करतो. अष्टक पूर्ण असलेले अक्रिय वायू संयुगे बनवीत नाहीत, अशी समजूत दीर्घकाळ होती. पॉलिंग यांनी १९३३ सालीच झेनॉनची फ्ल्युओरीनबरोबर संयुगे संभवतात असे भाकीत केले होते. त्या वेळचा प्रयोग फसला. १९६२ साली नील बार्टलेट यांनी झेनॉनचे पहिले संयुग तयार केले, तेव्हा या तर्काचे मोल कळून आले.

५

ग्रंथातील सर्वांत प्रसिद्ध साधन म्हणजे विद्युत्‌ऋणतेचे कोष्टक. १९३२ साली प्रथम मांडलेल्या या कल्पनेचा पाया साधा आहे. हायड्रोजनाच्या रेणूतील बंध तोडण्यास दर मोलला ४३६, तर क्लोरीनच्या रेणूतील बंध तोडण्यास २४३ किलोजूल लागतात. हायड्रोजन क्लोराइडातील बंध निव्वळ समसमान भागीदारीचा असता तर तो या दोहोंच्या सरासरीइतका, सुमारे ३४० किलोजूलांचा असावयास हवा. प्रत्यक्षात तो ४३१ किलोजूलांचा आहे. ही वाढीव ९१ किलोजूलांची बळकटी विषम भागीदारीतून आली, असे मानून पॉलिंग यांनी प्रत्येक मूलद्रव्याला एक आकडा दिला : फ्ल्युओरीन ४·०, ऑक्सिजन ३·५, क्लोरीन ३·०, कार्बन २·५, हायड्रोजन २·१, सोडियम ०·९. उष्णतेच्या मोजमापांतून अणूच्या स्वभावाचा असा अंदाज बांधणे हे मोठ्या प्रतिभेचे काम होते, यात संशय नाही.

परंतु याच ठिकाणी ग्रंथाची दुबळी बाजूही उघडी पडते. दोन आकड्यांतील फरकावरून बंधाचे आयनिक स्वरूप टक्क्यांत सांगणारे सूत्र पॉलिंग यांनी दिले. हायड्रोजन क्लोराइडासाठी ते १८ टक्के सांगते आणि रेणूच्या द्विध्रुव परिबलाच्या मोजमापावरूनही जवळपास तेवढेच येते. पण सूत्र जुळविताना हेच रेणू समोर ठेवलेले असल्याने या मेळाचे फारसे कौतुक नको. हायड्रोजन फ्ल्युओराइडाच्या बाबतीत सूत्र ५९ टक्के सांगते आणि मोजमाप सुमारे ४१. १९४६ साली हॅने आणि स्मिथ यांनी ही तफावत दाखवून सूत्रात दुरुस्ती सुचविली. वायुरूपातील मिठाच्या सुट्या रेणूसाठी सूत्र ६७ टक्के सांगते, तर मोजमापावरून ८० टक्क्यांच्या आसपास येते. शिवाय द्विध्रुव परिबल हे भाराच्या स्थानांतराचे निखळ माप नाही. अणूभोवतालचा इलेक्ट्रॉनांचा ढग विकृत झाला तरी ते बदलते. तेव्हा मुळात जे मोजावयाचे तेच एकमार्गी ठरलेले नाही.

ग्रंथकार या मर्यादांविषयी बेसावध नव्हता. आकडे स्थूल आहेत असे त्याने सांगितले आहे. पण वाचकांच्या हाती जे उरले ते निराळेच. सूत्रानुसार फरक १·७ असता आयनिक स्वरूप ५० टक्के येते. त्यावरून ‘१·७ च्या वर आयनिक, खाली सहसंयुज’ हा परीक्षोपयोगी नियम जन्माला आला. या नियमाने सिलिकॉन टेट्राफ्ल्युओराइड हा वायू आयनिक ठरतो, कारण तेथे फरक २·२ आहे. १९·५ अंशांना उकळणारे हायड्रोजन फ्ल्युओराइडही आयनिक ठरते. उलट, मिठाच्याच धर्तीची स्फटिकरचना असलेले सोडियम हायड्राइड फरक १·२ असल्याने सहसंयुज ठरते. जो ग्रंथ सीमारेषा पुसण्यासाठी लिहिला गेला, त्याच्याच कोष्टकातून सर्वांत ठळक सीमारेषा आखली गेली. हा दोष केवळ वाचकांच्या माथी मारता येणार नाही. टक्केवारी हे रूपच असे आहे की, पन्नासपाशी रेघ ओढण्याचे ते आमंत्रण देते.

६

दुसरे साधन संस्पंदनाचे. बेंझिनमधील कार्बनचे सहाही बंध सारख्या लांबीचे, सुमारे १·४० अँगस्ट्रॉमचे असतात. एकेरी बंधाची लांबी १·५४ आणि दुहेरीची १·३४ अँगस्ट्रॉम असते. एका सूत्राने हे दाखविता येत नाही, म्हणून एकेरी-दुहेरी बंधांची जागा अदलाबदल केलेली दोन किंवा अधिक सूत्रे लिहावयाची आणि खरा रेणू त्यांच्या मिश्रणाने वर्णावयाचा, ही संस्पंदनाची पद्धत होय. गणितात हे मिश्रण तरंगफलनांचे असते. निसर्गात रेणू एकच असतो आणि तो कधी हे, कधी ते रूप घेत नाही. आयनिक आणि सहसंयुज या दोन टोकांमधील मार्गही पॉलिंग यांनी याच भाषेत सांगितला : हायड्रोजन क्लोराइड म्हणजे सहसंयुज आणि आयनिक अशा दोन सूत्रांचे संस्पंदन. कल्पना उत्तम, पण ‘संस्पंदन’ या शब्दात हालचाल आहे, आणि शब्दातील ती हालचाल वाचक रेणूला चिकटवितो.

या शब्दाचे परिणाम वर्गाबाहेरही झाले. १९५१ सालच्या जून महिन्यात मॉस्को येथे भरलेल्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत संस्पंदनाचा सिद्धांत भाववादी म्हणून धिक्कारला गेला आणि त्याचे पुरस्कर्ते सिर्किन व द्यात्किना यांच्यावर टीकेची झोड उठली. शास्त्रीय प्रश्नाचा निवाडा राजकीय तत्त्वज्ञानाच्या कसोटीवर करणे सर्वथा निंद्य होते. तथापि कागदावरील सूत्र आणि वस्तू यांचा संबंध काय, हा त्यामागचा प्रश्न खोटा नव्हता. जुन्या संयुजा-सूत्रांत जितकी कल्पना मिसळलेली आहे तितकीच संस्पंदनात आहे, हे पॉलिंग यांचे उत्तर योग्य आहे. मात्र ते मान्य केल्यास आयनिक आणि सहसंयुज ही टोकेही तितकीच काल्पनिक ठरतात, हे ओघाने मान्य करावे लागते.

या पद्धतीची मर्यादा ऑक्सिजनपाशी स्पष्ट होते. द्रवरूप ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो, म्हणजे त्याच्या रेणूत एकटे राहिलेले इलेक्ट्रॉन आहेत. पण दुहेरी बंधाच्या नेहमीच्या सूत्रात सर्व इलेक्ट्रॉन जोडीने असतात. पॉलिंग यांनी त्यासाठी तीन इलेक्ट्रॉनांच्या खास बंधाची योजना केली. फ्रीड्रिख हुंड आणि रॉबर्ट मलिकन यांच्या सिद्धांतात इलेक्ट्रॉन दोन अणूंच्या जोडीला बांधलेला नसून सबंध रेणूचा असतो. त्या वाटेने १९२९ साली लेनर्ड-जोन्स यांनी हे चुंबकत्व कोणत्याही खास तरतुदीशिवाय उलगडले. १९६६ सालचे नोबेल पारितोषिक मलिकन यांना मिळाले. आजच्या संगणकीय रसायनाचा मोठा भाग याच दुसऱ्या वाटेने चालतो. पॉलिंग यांच्या ग्रंथात तिला मिळालेली जागा तिच्या योग्यतेहून बरीच कमी आहे, आणि ही उणीव तिसऱ्या आवृत्तीतही भरून निघाली नाही. दोन्ही वाटा पुरेशा दूरवर नेल्या तर एकाच उत्तराशी पोहोचतात, ही गोष्ट खरी. परंतु मग दोन अणूंमधील रेघ, जिला बंध म्हणतात, ती एका वाटेने दिसते आणि दुसरीने दिसेलच असे नाही, हेही खरे. बंध ही सोयीची कल्पना आहे, असे चार्ल्स कूलसन यांनी म्हटले ते याच अर्थाने.

७

धातुबंधाचे प्रकरण ग्रंथात सर्वांत कमी समाधान देते. तेथेही संस्पंदनाचीच भाषा वापरली आहे. परंतु तांबे विजेचे वाहक का आणि हिरा का नाही, याचा उलगडा फेलिक्स ब्लॉख यांच्या १९२८ सालच्या कार्यापासून वाढलेल्या ऊर्जापट्टांच्या सिद्धांताने अधिक नीट होतो. व्हान आर्केल यांनी १९४१ साली आणि केटेलार यांनी १९४७ साली आयनिक, सहसंयुज आणि धातवीय ही तीन टोके एका त्रिकोणाच्या कोपऱ्यांवर ठेवली आणि बहुतेक पदार्थांना आतल्या भागात जागा दिली. पॉलिंग यांच्या मूळ विचाराशी हे चित्र त्यांच्या टक्केवारीपेक्षा अधिक इमान राखणारे आहे.

याच्या उलट हायड्रोजन बंधावरील प्रकरण सरस उतरले आहे. लॅटिमर आणि रोडबुश यांनी १९२० साली सुचविलेल्या या कल्पनेला पॉलिंग यांनी रसायनात आणि जीवशास्त्रात हक्काचे स्थान मिळवून दिले. पाणी १०० अंशांना उकळते आणि त्याचाच भाऊबंद हायड्रोजन सल्फाइड शून्याखाली ६० अंशांना, हा फरक या बंधामुळे पडतो. बर्फात दोन ऑक्सिजनांमधील अंतर २·७६ अँगस्ट्रॉम असून हायड्रोजन त्यांपैकी एकापासून सुमारे १ अँगस्ट्रॉमवर असतो. त्याचा एक बंध दर मोलला ४६० किलोजूलांच्या आसपास, तर दुसरा विशीच्या घरात असतो. हा दुसरा बंध मुख्यतः विद्युत्‌स्थितिक आहे, असे पॉलिंग यांचे मत होते. पण दोन फ्ल्युओरीनांच्या नेमक्या मध्यावर एक हायड्रोजन असलेला बायफ्ल्युओराइड आयन पाहिला, तर तेथे पहिला बंध कोणता आणि दुसरा कोणता हे सांगताच येत नाही, आणि त्याची बळकटी दर मोलला १५० किलोजूलांहून अधिक भरते. म्हणजे हायड्रोजन बंधालाही स्वतःचा असा उतार आहे. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेचे ई. अरुणन यांच्या अध्यक्षतेखालील गटाने तयार केलेली हायड्रोजन बंधाची नवी व्याख्या आंतरराष्ट्रीय रसायन संघटनेने २०११ साली शिफारशीच्या रूपाने प्रसिद्ध केली. तीत बंध घडल्याचा पुरावा कशाकशांत शोधावा याची यादी आहे; एकच एक बल किंवा एकच आकडा तिने कसोटी म्हणून ठरविलेला नाही.

८

पॉलिंग यांचा ग्रंथ कालबाह्य झाला काय, या प्रश्नाचे उत्तर दुहेरी आहे. त्यातील काही आकडे सुधारले गेले, संस्पंदनाचे एकछत्र संपले, धातूंचे प्रकरण मागे पडले. मात्र रचना, ऊर्जा, अंतर आणि चुंबकत्व या निरनिराळ्या साक्षीदारांना एकत्र उभे करून बंधाविषयी बोलावे, एकाच्या साक्षीवर निकाल देऊ नये, ही त्याची शिस्त जुनी झालेली नाही. फ्ल्युओराइडांच्या उदाहरणात ती पूर्ण तेजाने दिसते. टक्केवारीच्या सूत्रात तिला ग्रंथकाराकडूनच थोडी ढील मिळाली, आणि पाठ्यपुस्तकांनी त्या ढिलाईचाच नियम केला.

मराठीत शिकणाऱ्या विद्यार्थ्यापुढे हा प्रश्न अधिकच निकडीचा आहे. ‘बंध’ या शब्दात दोरीची गाठ आहे आणि ‘प्रकार’ या शब्दात कप्पा आहे. ‘पुढील संयुगांतील बंधाचा प्रकार ओळखा’ असे विचारले की विद्यार्थी आकड्यांची वजाबाकी करून उत्तर लिहितो, आणि सिलिकॉन टेट्राफ्ल्युओराइड वायू का, याचा विचार करण्याची त्याला गरज उरत नाही. त्याऐवजी ‘हे संयुग कोणत्या टोकाला अधिक जवळ आहे, आणि कोणत्या मोजमापावरून तसे म्हणता येते’ असे विचारले, तर उत्तराला वेळ लागेल, परीक्षकालाही श्रम पडतील. परंतु ग्रंथाच्या पहिल्या प्रकरणातील ते गाळले गेलेले वाक्य त्या प्रश्नाने वर्गात परत येईल.